भिंतीवरचे बारा दिवे

चर्चच्या डाव्या भिंतीवर जगाचा भलामोठा नकाशा होता आणि त्या नकाशावर बारा दिवे होते. दिवे म्हणजे काय, सायकलच्या दिव्यात असतात तसले चिमुकले बल्ब. मंडळीनं ज्या देशात मिशनरी पाठवला, त्या देशाच्या पोटात एक बल्ब. दर रविवारी उपासनेत पाळकसाहेब एका मिशनऱ्याचं पत्र वाचायचे आणि वाचून झालं की हाताशी असलेलं बटण दाबायचे. नकाशावर तो देश लुकलुकायचा, मंडळी "आमेन" म्हणायची आणि घरबसल्या जग उजळल्याच्या समाधानात जेवायला जायची. पलीकडच्या रस्त्यावरच्या चर्चकडे नऊच दिवे होते. हे कुणी बोलून दाखवत नसे, पण आकडा एकूणएक माणसाला पाठ होता.

ही पत्रं उपासनेसाठी आणि चर्चच्या मासिकासाठी टाइप करायची थोरली. चर्चच्या कचेरीत चौदा वर्षं टायपिस्ट असल्यामुळे सगळे तिला नुसतं 'बाई' म्हणायचे. थोरली ती एकाच माणसासाठी होती, आणि ते माणूस म्हणजे नकाशावरचा सातवा दिवा. तिची धाकटी बहीण नर्स होती आणि तीन वर्षांपूर्वी तिला एका लांबच्या बेटावरच्या दवाखान्यात धाडलं होतं. विमानतळावर हार, फोटो, गाणी, सगळं यथासांग झालं होतं.

टाइप करायचं म्हणजे सुधारायचं. पाळकसाहेबांनी पहिल्याच आठवड्यात बजावलं होतं, "बाई, जसंच्या तसं नको. मंडळीचा उत्साह वाढला पाहिजे." थोरलीनं उत्साह वाढवायला घेतला आणि तिचा हात लवकरच बसला. धाकटीनं लिहिलं होतं, "ताई, इथलं चर्च आपल्या चर्चपेक्षा ऐंशी वर्षांनी जुनं आहे. दोन चांगल्या नर्सही आहेत. यांनी पाण्याचा पंप दुरुस्त करणारा माणूस मागितला होता. मला बघून बिचारे गप्प झाले, मग चहा दिला." थोरलीनं टाइप केलं, "इथल्या बांधवांनी माझं प्रेमानं स्वागत केलं." आता चहा दिला म्हणजे स्वागतच झालं की! मंडळीनं औषधांऐवजी धार्मिक पुस्तिकांची पेटी पाठवली, तीही तिथे कुणाला न येणाऱ्या भाषेतली. धाकटीनं त्या पुस्तिका खिडकीच्या फुटक्या काचेला लावल्या. मंडळीला वाचायला मिळालं, "आपण पाठवलेल्या पुस्तिकांचा दवाखान्यात रोज उपयोग होतो." धाकटी तीन आठवडे तापानं फणफणली, तर "तीन आठवडे एकांतात आणि प्रार्थनेत गेले." त्या रविवारी पुढच्या बाकावरच्या दोघीतिघींनी डोळे टिपले होते. थोरलीला तेव्हा थोडा अभिमानही वाटला होता, आणि पुढे त्याचीच तिला सगळ्यात जास्त लाज वाटली.

कारण मग पेन्सिलीनं लिहिलेलं पत्र आलं. धाकटीचं अक्षर मोत्यासारखं, पण या पत्रात ते ओळीवरून घसरत होतं.

"ताई, हा चौथा मलेरिया. इथला डॉक्टर म्हणतो, पाचव्यांदा झाला तर माझ्या हातात काही नाही, घरी जा. मला घरी यायचंय गं. पासपोर्ट इथल्या मिशन कचेरीच्या कपाटात आहे. चर्चचं परत बोलावल्याचं पत्र आल्याशिवाय ते कपाट उघडत नाहीत आणि तिकीटही काढत नाहीत. तुमचं मासिक मला इथे मिळतं, माझी पत्रं मी त्यात वाचते. ताई, एवढं एक पत्र सुधारू नकोस."

पत्र तसंच घेऊन थोरली संध्याकाळच्या समितीच्या बैठकीत जाऊन उभी राहिली.

समिती म्हणजे खुर्च्या सात आणि बोलणारे दोन. एक पाळकसाहेब. दुसरे अध्यक्ष, ज्यांचं चौकात बुटांचं दुकान होतं आणि जे प्रार्थना करतानाही समोरच्याच्या पायांकडे बघायचे. अध्यक्षांनी पत्र वाचलं, चष्मा काढला, पुसला आणि मासिकांची फाइल मागवली.

"हे बघा, मागच्या महिन्यात काय लिहिलंय. 'माझी प्रकृती प्रभूच्या हाती सुखरूप आहे.' त्याच्या आधी, 'इथून हलावंसं वाटत नाही.' आणि आता एकदम हे? बाई, माणसाचं मन असं मधूनच खचतं. आपण लगेच घाबरायचं नसतं."

"हलावंसं वाटत नाही असं तिनं नव्हतं लिहिलं," थोरली म्हणाली. "अंथरुणातून हलता येत नाही असं लिहिलं होतं. ते मी सुधारलं."

अध्यक्षांनी पाळकसाहेबांकडे बघितलं आणि पाळकसाहेबांनी खिडकीकडे.

"बाईंनी भाषा सुधारली, इतकंच," पाळकसाहेब हळूच म्हणाले. "मजकूर त्यांच्या बहिणीचाच. मी स्वतः तो उपासनेत वाचलाय. मी काही खोटं वाचीन का?"

"छे, छे!" अध्यक्ष म्हणाले. "आणि पुढच्या महिन्यात नकाशाला पंचवीस वर्षं होतायत. पाहुणे येणार, पलीकडचे पाळकही येणार. तेव्हा अकरा दिवे दाखवायचे?"

हे बोलल्यावर त्यांना स्वतःलाच कसंसं झालं असावं, कारण त्यांनी ताबडतोब आवाज मऊ केला. मुलीला सोडायचं नाही, तिला बळ द्यायचं, असं ठरलं. सात जणांनी डोळे मिटून तिच्यासाठी प्रार्थना केली. तिला भेट म्हणून एक गरम कोटही पाठवायचा ठरला, कारण अध्यक्षांच्या बायकोचा एक जुना जाड कोट घरी पडून होता. जिथे माणसं उकाड्यानं अंगणात झोपतात, तिथे लोकरीचा कोट! घरून लगोलग मागवलेला तो कोट थोरलीनं हातात घेतला तेव्हा तिला हसावं की कुणाच्या तरी श्रीमुखात द्यावी, ते कळेना. शेवटी तिनं 'थँक यू' म्हटलं.

त्या रात्री ती स्वतःवर इतकी चिडली की तिनं ताट तसंच झाकून ठेवलं. बहिणीला तिकडे या लोकांनी पाठवलं होतं खरं, पण तिकडे अडकवून ठेवलं होतं आपण. एकेक गोड वाक्य टाइप करून आपणच तिच्या दाराला कड्या घातल्या. आणि आता खरं सांगायला गेलो तर आपलंच टायपिंग आपल्या तोंडावर मारतात.

सकाळी मात्र ती कचेरीत आली ती वेगळ्याच चेहऱ्यानं. बैठकीचा वृत्तांत तिलाच टाइप करायचा होता. समितीनं काय केलं होतं? प्रार्थना केली होती आणि काहीतरी ठरवलं होतं. आता ते सुधारायचं होतं, चौदा वर्षं सुधारत आली होती तसंच. चर्चच्या छापील कागदावर तिनं बेटावरच्या मिशन कचेरीला पत्र टाइप केलं. "समितीनं प्रार्थनापूर्वक ठरवलं आहे की आमच्या भगिनीची प्रकृती लक्षात घेऊन तिला त्वरित परत पाठवावं." पुन्हा वाचून तिनं 'त्वरित'च्या जागी 'पहिल्या विमानानं' घातलं.

गुरुवार हा सह्यांचा दिवस. पाळकसाहेब फोनवर कुणाशी तरी सोहळ्याच्या लाउडस्पीकरबद्दल हुज्जत घालत होते. थोरलीनं पत्रांचा गठ्ठा समोर ठेवला, बोटानं सहीची जागा दाखवत एकेक कागद उलटत गेली. हॉलच्या बुकिंगचं पत्र, आभाराचं पत्र, मग हे, मग निमंत्रणं. पाळकसाहेबांनी आयुष्यात कधी सही करण्यापूर्वी कागद वाचला नव्हता, आणि अशा पवित्र कामात तो मोडता त्यांनी आताही घातला नाही. "दोन कर्णे जास्तीचे लावा," ते फोनवर म्हणाले आणि धाकटीला त्यांनी घरी बोलावलं.

अठरा दिवसांनी उत्तर आलं. दोनच ओळी होत्या. "कपाट उघडलं. रविवारी दुपारी पोचते. ताई, हे खरंच त्यांनी लिहिलं?" रविवार म्हणजे नेमका सोहळ्याचा.

थोरलीनं विचार केला. मुलगी गुपचूप आली तर पळून आली म्हणतील. फाइल काढून दाखवतील, तोंडी समजूत घालून पुन्हा विमानात बसवतील. हे सगळ्यांच्या देखत व्हायला हवं होतं, आणि कर्ण्यांवरून. तिनं टाइपरायटरमध्ये कागद घातला आणि त्या दोन ओळींचं पानभर पत्र केलं.

रविवारी चर्च गच्च भरलं. पलीकडचे पाळक पहिल्या बाकावर बसून दिवे मोजत होते. पाळकसाहेबांनी कागद उलगडला आणि नेहमीच्या भरल्या गळ्यानं वाचायला सुरुवात केली.

"प्रिय मंडळी, मी इथे चार वेळा मरता मरता वाचले..." गळा जरा कमी भरला. "...डॉक्टरांनी हात टेकले. पण आपल्या समितीनं माझ्यासाठी प्रार्थना केली, आणि पाळकसाहेबांनी..." इथे ते थांबले. पण ओळ अर्ध्यात तुटलेली, मंडळी माना पुढे काढून बसलेली, चार कर्ण्यांतून त्यांचा श्वास ऐकू येतोय. "...पाळकसाहेबांनी स्वतःच्या सहीनं मला घरी बोलावून घेतलं. माणसाचा जीव दिव्यापेक्षा मोठा मानणारी अशी मंडळी दुसरी नसेल. मी आज दुपारी येत आहे."

"आमेन!" मागून एक म्हातारी ओरडली. मग सगळेच. टाळ्या सुरू झाल्या. पलीकडच्या पाळकांनी तर उठून हस्तांदोलन केलं. अध्यक्षांचा चेहरा दोन नंबर लहान बूट घातल्यासारखा झाला होता.

पाळकसाहेबांनी थोरलीकडे बघितलं. ती शेवटच्या बाकावर मांडीवर कोट घेऊन शांत बसली होती. मग त्यांनी चौफेर नजर फिरवली, टाळ्या ऐकल्या आणि चेहऱ्यावर नम्रता आणली. "त्या पत्रावर सही करताना," ते म्हणाले, "माझा हात कुणीतरी धरला होता असं मला वाटलं."

ते मात्र अगदीच खोटं नव्हतं.

"पण बंधुभगिनींनो, तो दिवा विझता कामा नये!" त्यांना आता चेव आला होता. "तिच्या जागी कोण जाईल? हात वर करा!"

पंचवीस वर्षं जग उजळणारी ती मंडळी चिडीचूप झाली. कुणी गीतांचं पुस्तक चाळायला लागलं, कुणाला खोकला आला. अध्यक्ष लोकांच्या पायांकडे बघत राहिले. एकही हात वर झाला नाही. थोरली उठली आणि सगळ्यांच्या समोरून चालत बाहेर पडली.

विमानतळावर धाकटी चाकाच्या खुर्चीतून आली. अंगाची काडी झालेली, डोळे पिवळे. भर दुपारी ती थंडीनं कुडकुडत होती, दातावर दात आपटत होते. थोरलीनं तो जाड लोकरीचा कोट तिला घातला, गळ्यापर्यंत बटणं लावली.

"हा कुणाचा?"

"समितीनं दिलाय."

धाकटीनं कोटात हनुवटी खुपसली. मग तिनं विचारलं, "ताई, खरं सांग. त्यांनी बोलावलं मला?"

चौदा वर्षांचा सराव थोरलीच्या जिभेवर आला. तिनं तो गिळला.

"नाही," ती म्हणाली. "मी बोलावलं."