काळी चार आणि लाल भोपळा

२०२३च्या मार्चमध्ये मसुऱ्याच्या डबलबारीत जे झालं, ते आमच्या भागात अजून कुणी विसरलेलं नाही, आणि प्रत्येक जण ते आपापल्या सोयीने सांगतो. मी तिथे बायकांच्या बाजूला दुसऱ्या रांगेत बसले होते, आणि त्याआधीचे सात महिने स्वयंपाकघरात होते. म्हणून माझं ऐका.

आमचे हे, सदानंद बुवा, भजनी बुवा. चाळीस वर्षं हाच धंदा. चवथीच्या, म्हणजे गणपतीच्या, दिवसांत घरोघर भजनं, एरवी देवळांचे सप्ताह, पूजा आणि डबलबाऱ्या. डबलबारीत दोन बुवा समोरासमोर बसतात. प्रत्येकाची पेटी वेगळी, पखवाज वेगळा, झांजा वाजवणारी मुलं वेगळी. एकाने गायचं, मग दुसऱ्याने, आणि मध्ये एकमेकांना टोमणे मारायचे. लोक अभंगाला माना डोलावतात आणि टोमण्याला टाळ्या वाजवतात.

माझं माहेर आंबोलीचं. तिथल्या पावसात चार महिने घरात भोपळा, नाहीतर सुरण. लग्न ठरलं तेव्हा आई म्हणाली होती, मुलगा गाणारा आहे, पण समुद्र जवळ आहे. मी समुद्राकडे बघून होकार दिला. गाणं काय असतं ते नंतर कळलं.

गाणं म्हणजे गळा, आणि गळा म्हणजे आमच्या घरातली सासू. दही नको, केळं नको, पंखा नको. मे महिन्यात मानेला मफलर. कार्यक्रमाच्या दिवशी दुपारपर्यंत बोलायचं नाही. मग काही हवं असेल तर बुवा पेटीची पट्टी दाबायचे. सा दाबला की चहा, प दाबला की पाणी. सा आणि प एकत्र म्हणजे पाहुणा आला आहे, बाहेर ये. मी चाळीस वर्षं त्या पेटीला "आले आले" म्हणत आले.

या सगळ्याच्या वर काळी चार. पेटीच्या चौथ्या काळ्या पट्टीवर सा धरून बुवा गायचे. पुरुषाच्या गळ्याला तो सूर चांगलाच उंच. तरुणपणी त्यांचा आवाज तिथे असा चढायचा की नारळावर चढलेला माणूस खाली बघायचा. पुढे साठी उलटली आणि आवाज खाली आला. सगळ्यांचाच येतो. पट्टी मात्र खाली येईना, कारण बुवांनी आण घेतली होती. एका जत्रेत एका म्हाताऱ्या बुवांचा आवाज फाटला आणि पोरं हसली. ते बघून हे घरी आले आणि दुसऱ्या दिवशी रवळनाथासमोर नारळ ठेवून म्हणाले, काळी चार सुटली की पेटी देवळात ठेवीन आणि परत गाणार नाही. सगळ्या गावासमोर. मला न विचारता.

मसुऱ्याच्या आधीच्या वर्षी एका पूजेत त्यांचा आवाज तसाच फाटला. कुणी हसलं नाही, ते आणखी वाईट. घरी येऊन बुवा ओटीवर बसले ते जेवायला उठेनात. पेटीकडे पाठ करून बसायचे. मला तेव्हा कळलं की पेटी देवळात गेली तर हा माणूसही हळूहळू जाणार.

गुणाजीलाही ते कळलं. गुणाजी आमचा पखवाजी, बुवांबरोबर तीस वर्षं वाजवणारा. त्याच्या पखवाजाच्या डाव्या तोंडाला लावायला लागणारी कणीकसुद्धा मीच मळते, इतका घरचा. चवथीच्या आधी पेटीचा भाता फुसफुसतो म्हणून तो पेटी कुडाळला दुरुस्तीला घेऊन गेला. परत आणली त्या दिवशी माझ्याकडे मासे नव्हते. वादळी हवा, होड्या वर ओढलेल्या. मी नाइलाजाने भोपळ्याची भाजी केली. संध्याकाळी बुवा गायला बसले आणि आवाज सरळ वर गेला. कुठे अडखळला नाही. बुवा थांबले, माझ्याकडे बघितलं, आणि डोळ्यांत पाणी आणून म्हणाले, "विमला, आज जेवणात काय होता गो?"

तिथून माझं नशीब फिरलं.

दुसऱ्या दिवशी बाहेरून चहाची पट्टी वाजली आणि मी जागची हलले नाही. सा वाजला खरा, पण माझ्या कानाला तो चहा लागला नाही. पुन्हा वाजला. मी बाहेर गेले तर बुवा चिडलेले आणि गुणाजी छपराकडे बघत बसलेला. मी त्याला मागच्या पडवीत बोलावलं.

"वयनी, शिव्या घालू नको," तो म्हणाला. "पेटीतले सगळे सूर एकेक घर खाली सरकवन बसवलंय. बुवा बोट काळी चारातच ठेवतत, पण वाजता पांढरी पाच. पखवाज पण मी तेवढोच उतरवलंय."

"आणि तेंका कळाक नाय?"

"तेंका कळूचाच नाय आसा."

मी गप्प राहिले. गाणारा माणूस गायला लागला होता, त्यात मी कशाला बोट घालू? पण गुणाजीने फक्त पेटीचा विचार केला होता. बुवांच्या डोक्याचा केला नव्हता.

कारण बुवांच्या मते गळा भोपळ्याने सुटला होता. त्या दिवसापासून घरात रोज भोपळा. भाजी, भरीत, घारगे, भोपळ्याचं पाणी. आणि बांगडा बंद. बांगड्याने गळ्यावर तेलाचा थर बसतो, असं त्यांनी शोधून काढलं. मागच्या दारी वेल लावला. गळा बसलेल्या शिक्षकांना, माशांच्या लिलावात ओरडणाऱ्यांना, सगळ्यांना ते भोपळा सांगत सुटले. माईकवरून सुद्धा.

पार्वती आमच्या दाराशी मासे घेऊन येते. तिची सासूही यायची. एक दिवस पार्वतीने टोपली उतरवली आणि बुवांना ऐकू जाईल अशा बेताने मला विचारलं, "काय गो वयनी, आज पण भोपळो? कोणाचा सुतक आसा?"

"गळ्याचा," मी म्हटलं.

"बुवांनू, बांगड्यान आवाज बसता म्हणतास. मगे आमचो घोव होडयेतसून हाक मारता ती बंदरार कशी आयकाक येता? तो काय भोपळे पकडूक जाता?"

बुवांनी पेटीवर प दाबला. म्हणजे पाणी. म्हणजे पार्वतीला घालव.

खरं सांगून टाकलं असतं तर बांगडा परत आला असता आणि बुवा गेले असते. रोज जेवायला बसले की हे ताटात समोर दिसायचं. म्हणून मी भोपळा गिळत राहिले. सात महिने.

मसुऱ्याला एका वाडीच्या रवळनाथाच्या देवळात मार्चमध्ये दुपारची डबलबारी ठरली. समोर खारेपाटणचे परशुराम बुवा. दोघे एकाच वयाचे, पंचवीस वर्षं एकमेकांना टोमणे मारून मोठे झालेले. परशुराम बुवांची काळी चार अजून शाबूत होती. देवाने काहींना असा गळा देऊन ठेवलेला असतो.

आम्ही टेम्पोतून गेलो. गुणाजी जेवायला बसला आणि पखवाज मागे उन्हात राहिला. रंगमंचावर बसून त्याने पहिली थाप मारली आणि उजव्या तोंडाचं कातडं, ज्याला पुडी म्हणतात, ते टर्रकन फाटलं. परशुराम बुवांच्या लोकांकडे दुसरा पखवाज होता, त्यांनी चांगुलपणाने दिला. तोवर आमचे बुवा माईकवर भोपळ्याचं माहात्म्य सांगत होते. गुणाजीने हातोडी काढली आणि पखवाजाचा सूर हळूच उतरवायला लागला.

समोरचा पखवाजी गुरुप्रसाद म्हणाला, "ओ गुणाजीनू, खाली कित्या घेतास? काळी चारात लावन ठेवलेलो आसा."

बुवांनी भोपळा अर्ध्यावर सोडला. "आमची पण काळी चारच. तसोच ऱ्हवांदे."

"जरा चढ वाटता, बुवा," गुणाजी म्हणाला. त्याचा चेहरा ओल्या कणकेसारखा झाला होता.

"तुझ्या कानात मळ गेलो हा," म्हणत बुवांनी आपली पट्टी दाबली. गुणाजीला थाप मारावीच लागली. पेटी एकीकडे, पखवाज दुसरीकडे. "गुरुप्रसादा, तुझो पखवाज चढलो हा," बुवा म्हणाले.

 परशुराम बुवांनी आपल्या पेटीची तीच पट्टी दाबली. पखवाजाला ती चिकटून बसली. मग बुवांनी पुन्हा आपली दाबली. दोन पेट्या, एकच पट्टी, दोन सूर. समोर सगळी वाडी बसलेली. लहान मुलालाही कळावं इतकं स्पष्ट.

बुवांनी गुणाजीकडे बघितलं. "कधी?"

"चवथीच्या आधी. भातो करूक नेलंय तेव्हा. एक घर खाली."

बुवांनी आपली पट्टी आणखी एकदा दाबून बघितली. मग म्हणाले, "म्हणजे भोपळो..."

"भोपळ्याचो काय एक संबंध नाय," मी म्हटलं. हळूच म्हटलं होतं, पण देऊळ शांत होतं. लोक हसायला लागले, आणि बुवांचा चेहरा बघून आपोआप थांबले.

त्यांनी भात्याची कडी लावली. पेटीवर कापड घातलं. "माझी आण आसा," ते म्हणाले. "तुमका ठावक आसा." आणि उठायला लागले.

मला त्यांचा राग आला, गुणाजीचा आला, कुडाळच्या पेटीवाल्याचा आला. सात महिन्यांचा भोपळा घशाशी आला. मी उठून सरळ परशुराम बुवांसमोर गेले. "बुवांनू, आता तुमची बारी. कायतरी करा. हो माणूस गायचो थांबलो तर ओटयेर बसान मरतलो, आणि मराच्या आधी माका मारतलो."

परशुराम बुवांनी माझ्याकडे बघितलं, मग ह्यांच्याकडे. त्यांनी पुजाऱ्याकडून एक नारळ मागून घेतला, चपला नव्हत्याच, उघड्या पायाने गाभाऱ्यासमोर उभे राहिले आणि गाऱ्हाणं घालायला सुरुवात केली. आमच्याकडे गावाचं काही अडलं की मानकरी देवाला असं गाऱ्हाणं घालतो आणि प्रत्येक वाक्याला सगळे होकार देतात.

"बा देवा म्हाराजा, बारा गावच्या रवळनाथा."

"व्हय म्हाराजा," लोक म्हणाले. सवयीनेच.

"ह्या तुझा लेकरू सदानंद बुवा. तेना तुझ्यासमोर आण घेतल्यान. इचारल्यान कोणाक नाय, तेची खोडच तशी."

"व्हय म्हाराजा."

"काळी चार तेची सुटली, पण आण सुटना नाय. जां काय चुकला-माकला असात तां पदरात घे, आणि ती आण तुझ्या पायाकडे ठेवन घे."

"व्हय म्हाराजा."

"तेना सात म्हयने भोपळो खाल्ल्यान आणि बायलेक खावक लावल्यान. ती शिक्षा पुरी धर, म्हाराजा."

"व्हय म्हाराजा." या वेळी बायकांचा आवाज सगळ्यात मोठा होता.

नारळ फुटला. बुवा अजून अर्धवट उठलेले, एक हात पेटीवर. "देवान आयकला असात?" त्यांनी विचारलं. टोमणा नव्हता. खरंच विचारत होते.

"देवान आयकल्यान," परशुराम बुवा म्हणाले. "आता आमका आयकव."

बुवा खाली बसले. कापड काढलं, कडी सोडली. गुणाजीकडे न बघता म्हणाले, "उतरव पखवाज." गुणाजीने हातोडी मारली, वादीखालचा एकेक लाकडी गठ्ठा, सगळ्यांसमोर, लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. मग बुवा गायले. कसं गायले ते सांगता येत नाही. एवढंच की इतकी वर्षं लोक त्यांचा आवाज कुठवर जातो ते बघायचे, त्या दुपारी पहिल्यांदा अभंग ऐकत होते. पुढच्या बारीत परशुराम बुवांनी पांढऱ्या पाचावरून त्यांना असं सोललं की विचारू नका. बुवांनीही सोडलं नाही.

गुणाजीशी बुवा त्या सबंध उन्हाळ्यात बोलले नाहीत. वाजवायला मात्र दुसरा कुणी चालायचा नाही, म्हणून निरोप माझ्यामार्फत जायचे, दोघे एकाच ओटीवर बसलेले असताना. आता गुणाजीचे गुडघे गेले. खुर्चीवर बसून वाजवतो आणि बुवांच्या शिव्या खातो, म्हणजे सगळं ठीक आहे.

पेटीचे सूर बुवांनी परत मूळ घरी बसवून घेतले. पेटी खोटं बोलता कामा नये म्हणाले. आता पांढरी पाच धरतात ती उघडपणे, आणि हाच भक्तीचा खरा सूर आहे असं शिकायला आलेल्यांना सांगतात. थंडीत काळी तीनवरही उतरतात. रवळनाथाला विचारून.

परशुराम बुवा गेल्या वर्षी गेले. त्यांच्या घरी भजनाला बुवांनाच बोलावलं होतं. परशुराम बुवांच्या पेटीवर ते गायले, आणि मध्ये सवयीने टोमण्यासाठी थांबले. समोर कुणी नव्हतं. 

पार्वतीच्या मुलाने, मितेशने, नवी होडी घेतली. पार्वती अजून आमच्या दारी येते. मागच्या दारचा वेल मी उपटला. तरी कुठून तरी फुटवा येतो, त्याचे भोपळे मी गुरांना घालते.

आणि बुवा. त्यांनी नवीन शोध लावला आहे की बांगड्याचं डोकं खाल्लं तर खालचे सूर भरदार लागतात. लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून बांगड्याच्या कढीतलं डोकं माझं असायचं. आता बुवा ताटावर बसले की आधी वाटीत बोट घालून बघतात, डोकं आहे ना.