धुळानं टाकलेली पानं

संप मिटला, गिरणीचा भोंगा पुन्हा वाजायला लागला आणि सगळं माधवनगर कामावर गेलं. सयाजी तेवढा गेला नाही. संपाच्या महिन्यांत त्यानं तीन पानी खेळून घर चालवलं होतं. सांगलीत हळदीच्या गोदामावर हंबीररावांची खोली होती, तिथं व्यापारी, दलाल, रजेवर आलेले फौजी असे सगळे बसायचे. सयाजीला वाटलं, मागावर उभं राहून पायांच्या शिरा फुगवण्यापेक्षा मांडी घालून मिळवलेलं काय वाईट? त्यानं राजीनामा लिहून दिला.

"पत्ते म्हंजी नशीब न्हवं," तो बायकोला, लीलाबाईला, समजावायचा. "समोरच्याचं तोंड वाचता आलं पायजे."

"माजं वाचा की मग," ती म्हणायची. तिचं तोंड त्यानं कधी वाचलं नाही, पण घरात ज्वारी आली, दिवाळीला लुगडं आलं, तशी तीही गप्प झाली. कराडला माहेरी तिनं अजून गिरणीच सांगितली होती. "ह्यांचं बरं चाललंय," एवढंच म्हणायची. त्यात खोटं काही नव्हतं.

सयाजीचे माग धुळाला मिळाले. धुळा जतकडचा धनगर. दुष्काळात मेंढरं गेली, म्हणून गिरणीच्या दाराशी आला आणि बदली कामगार झाला. बदली म्हणजे रोज सकाळी फाटकाशी उभं राहायचं. कुणी गैरहजर असलं तर काम, नाहीतर आल्या पावली परत. सयाजी सुटला आणि धुळा त्याच्या जागी कायम झाला. त्या दिवशी तो पेढे घेऊन आला आणि सयाजीच्या पाया पडला. सयाजीला संकोच वाटला, पण पेढे त्यानं खाल्ले.

मग पगार झाला की येणाऱ्या सुट्टीला, दुपारच्या वेळी, धुळा हंबीररावांच्या खोलीवर यायला लागला. मुंडासं मांडीवर काढून ठेवायचा आणि हरायचा.

"मेंढरं राखता राखता ह्योच मेंढरू झाला गड्या," हंबीरराव म्हणायचे. खोली हसायची. सयाजीही हसायचा, कारण हे मेंढरू बहुतेक त्याच्याच दावणीला यायचं.

तीन पानीत ज्याला आपली पानं हलकी वाटतात तो ती उपडी टाकून बाजूला होतो. शेवटी उरेल त्याचा डाव. जिंकेल त्यानं सगळी पानं गोळा करून पुढचा डाव वाटायचा, ही त्या खोलीची रीत. एका दुपारी असेच शेवटी दोघे उरले, सयाजी आणि धुळा. सयाजीकडे नव्व्यांची साधी जोडी होती. धुळा पैसे चढवत गेला होता. आता आपली पानं टाकावीत असं सयाजीच्या मनात आलं, तेवढ्यात धुळानंच टाकली.

पानं गोळा करताना सयाजीनं ती बोटानं जराशी उचलली. तीन राजे होते. तीन राजे हातात आल्यावर माणूस घर डावावर लावायला निघतो, पानं टाकत नाही.

खोलीखाली चहाचं हॉटेल होतं. सयाजी त्याला तिथं घेऊन बसला.

"तीन राजं व्हतं तुज्याकडं."

"व्हतं."

"मग टाकलीस कशापायी? याड लागलं का?"

धुळानं चहा बशीत ओतला. "तात्या, तुमची जागा खातोय मी. पगार हातात आला की घशाखाली घास उतरत न्हाई. तुमाला त्यातला वाटा नुसता दिला आसता तर घेतला आसता का?"

"तुज्या तोंडावर फेकला आसता."

"म्हनूनच पानांत घालून दिला."

"कवापास्नं?"

"पयल्या पगारापास्नं."

"आरं, नोकरी मी सोडली! तू काय हिसकून घेतलीस व्हय?"

"माजा बा दुसऱ्याच्या रानात मेंढरं चारायचा," धुळा म्हणाला. "निघताना एक कोकरू ठिवून जायचा. मालक नगं म्हनला तरी खुट्याला बांधून जायचा. फुकट चारलेलं आंगी लागत न्हाई, तात्या."

सयाजीचा चहा तसाच राहिला. संपात नशिबानं हात दिला होता, पण त्यानंतर व्यापाऱ्यांकडून कधी मिळायचं, कधी त्यांनाच परत जायचं. शेवटी घरी पोचायचं ते कुणाचं, हे त्याला बसल्या जागी कळलं. गिरणी अजून त्यालाच पोसत होती. मागावर उभे राहणारे पाय तेवढे दुसऱ्याचे होते.

त्यानं ठरवलं, आलं त्याच वाटेनं हे परत करायचं. पुढच्या पगारानंतर धुळा समोर बसला. डाव रंगला, बाकीचे सुटले, दोघेच उरले, आणि सयाजीनं पानं टाकली. पुढच्या डावाला धुळानं त्याच्या आधी टाकली. मग जो तो दुसऱ्याच्या आधी टाकायला बघू लागला. एका डावात तर दोघांची पानं एकदमच सतरंजीवर पडली आणि दोघेही "डाव तुजा," "न्हाई, तुमचा" म्हणून भांडायला लागले.

खोलीत कुणी हसलं नाही. हंबीररावांनी पानं ओढून घेतली.

"सयाजीराव, ही मिलीभगत किती दिस चाललीय?"

"तसं काय न्हाई, मालक."

"मग कसं हाय? सांगा की."

धुळानं तोंड उघडलं. सयाजीनं त्याचा गुडघा दाबला. खरं सांगितलं असतं तर लबाडीचा डाग पुसला असता, पण गिरणीतून सुटणाऱ्या प्रत्येक पाळीनं धुळाला मेंढरू म्हणून हाक मारली असती. आणि दुसरंही होतं. सयाजीच्या हातात कसब नव्हतं, हे सगळ्यांसमोर निघालं असतं. ह्यातल्या कशापायी तो गप्प राहिला, ते त्याचं त्यालाही नीट कळलं नाही.

"चपला घाला," हंबीरराव म्हणाले. "सांगलीत कुटं बसायला मिळतंय का बघा आता."

धुळा वाटेवरच्या पुलापर्यंत मागं मागं चालत आला. "तात्या, माज्यामुळं…" एवढंच त्याला पुन्हा पुन्हा म्हणता येत होतं. सयाजीनं त्याला दामटून घरी पाठवलं.

लीलाबाई अंगणात ज्वारी पाखडत बसली होती. इतक्या लवकर आलेला बघून तिनं सूप खाली ठेवलं. सयाजी उंबऱ्यावर टेकला आणि त्यानं सगळं सांगितलं. तीन राजे, कोकरू, चपला. आता ही उठेल आणि कराडची गाडी धरेल असं त्याला वाटत होतं. तिच्या जागी आपण असतो तर आपणही धरली असती, असंही वाटलं.

ती उठली नाही. सुपातल्या ज्वारीकडे बघत राहिली. मग अंगावरच्या लुगड्याचा पदर तिनं हातात घेतला, आणि चटका बसल्यासारखा सोडून दिला.

"धुळाला पोरं किती हायती?" तिनं विचारलं.

वर्षभर सयाजी त्या माणसाच्या तोंडाकडे टक लावून बघत आला होता.

"इचारलं न्हाई," तो म्हणाला.