पुरणातला जास्तीचा गूळ

सकाळपासून माझा जीव थाऱ्यावर नव्हता. फ्रीज उघडायचा, बाटलीला हात लावून बघायचा, बंद करायचा, पुन्हा उघडायचा. सासूबाई म्हणाल्या, निवेदिता, बाटली काही पळून जात नाही, बस जरा. बसले आणि लगेच उठले.

दुपारी हेलन जेवायला येणार होती. इथेच मँचेस्टरमध्ये तिचा पब आहे, आणि दर शुक्रवारी तिथलं किचन ती कुणाला तरी चालवायला देणार होती. मला ते हवंच होतं. आयटीतली चांगली नोकरी सोडून मी वाइनचा कोर्स केला, तेव्हा नागपूरला माहेरच्यांनी कपाळावर हात मारून घेतला होता. आपलं जेवण आणि त्यासोबत फ्रान्सची गोड वाइन, ही माझी कल्पना. हेलन नाही म्हणाली की पुन्हा कंप्युटरपुढे.

पुरणपोळीसोबत मस्कॅट ही वाइन ठरवली होती. रस आंबत असताना त्यात स्पिरिट घालून आंबणं मध्येच थांबवतात, त्यामुळे द्राक्षाची स्वतःची गोडी उरते. वरून साखर घालत नाहीत. हे मी सासूबाईंना मोठ्या कौतुकाने सांगितलं होतं. पदार्थ मात्र वाइनपेक्षा कमी गोड हवा, नाहीतर वाइन आंबट लागते. म्हणून पुरणात गूळ मी बेताचाच घातला. चाखायला गेले, तर सासूबाईंनी हातातला चमचा काढून घेतला. नैवेद्य दाखवायच्या आधी उष्टं करायचं नाही. पुण्यात नाही, तसं इथेही नाही.

हेलनला आणायला मी ट्राम स्टॉपवर गेले. परत येईतो नैवेद्य झाला होता आणि ताटं वाढलेली होती. हेलनने पोळीचा तुकडा खाल्ला, वाइनचा घोट घेतला आणि म्हणाली, "इंटरेस्टिंग." इंग्रज माणूस इंटरेस्टिंग म्हणाला की समजायचं, कारभार आटोपला. मी घाईघाईने घास घेतला. अगं आई गं! पुरण म्हणजे नुसता गुळाचा खडा. त्यावर मस्कॅट लिंबाच्या पाण्यासारखी लागत होती.

किचनमध्ये जाऊन दातओठ खात सासूबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, पुरण फिकं दिसत होतं, म्हणून गूळ वाढवून पुन्हा आटवलं. बाटलीत साखर घालत नाहीत असं तूच म्हणालीस, मग पाहुणीला पुरणात तरी गोड मिळू दे. एरवी हात कसला आखडता, आणि सढळ व्हायला नेमका आजचा मुहूर्त! मला रडूच फुटलं.

"आई, गेलं माझं सगळं."

त्या हात पुसून बाहेर गेल्या, माझ्या खुर्चीत बसल्या, पोळीचा घास खाल्ला आणि माझा ग्लास तोंडाला लावला. जन्मात दारूला न शिवलेली बाई! मी दारातच थिजले.

"खरंच आंबट लागतेय गं. मी बिघडवलं."

क्षणभर ताटाकडे बघत राहिल्या. मग त्यांनी कटाच्या आमटीची वाटी जवळ ओढली, पोळी बुडवून खाल्ली आणि पुन्हा घोट घेतला. या वेळी तोंड वाकडं झालं नाही. वाटी त्यांनी तशीच हेलनपुढे सरकवली आणि खुणेने दाखवलं, अशी बुडवायची.

हेलनने बुडवली. आमटीच्या तिखट-आंबटापुढे गूळ जरा मागे हटला असावा, कारण घोट घेतल्यावर तिने ग्लास खाली ठेवलाच नाही. पुन्हा पोळी, पुन्हा घोट. मी दाराची चौकट धरून उभी होते. शेवटी तिने आणखी आमटी मागितली आणि माझ्याकडे वळून विचारलं, पुढच्या महिन्यातला पहिला शुक्रवार चालेल का.

तिला ट्रामपर्यंत सोडून आले, तेव्हा सासूबाई पुरणाचं पातेलं घासत होत्या.

"शुक्रवारी गूळ तू घाल," माझ्याकडे न बघता त्या म्हणाल्या. "आणि आधी चाखून बघ."

"आणि नैवेद्य?"

"देवाला मी सांगते."