दुसरी पहार

रुखमाबाईनं डोक्यावरची पाटी खाली ठेवली आणि विहिरीच्या काठाशी ओणवी होऊन कान दिला. खालून पहारीचा घाव ऐकू आला. त्याच्या मागोमाग आणखी एक, जरा हलका, खडकाच्या पलीकडून आल्यासारखा. वैशाखाची टळटळीत दुपार होती. उंद्रीच्या त्या माळावर एक पाखरू बोलत नव्हतं.

"अहो, वर या. भाकर आनली."

निवृत्ती खोबणीत पाय रोवत वर आला. अंगभर दगडाची भुकटी. बाभळीखाली बसून नवऱ्यानं हात धुतले, भाकरी मोडली. विहिरीत घाव पडतच होते.

रुखमाबाईच्या हातातला तांब्या कलंडला.

"खाली कोन हाये?"

"कोनी नाई."

"मंग हे?"

"होते तसंच. तू बी घे घासभर."

ती जेवायला आली नव्हती. ही विहीर त्यांच्या अनंतानं खणायला धरली होती, नवं मराठी राज्य झालं त्या साली. पुरुषभर खोल गेला आणि पटकीनं पोर हातचं गेलं. मागं दुसरं कोणी नाही. तरी निवृत्ती खोदत राहिला, आणि लागत राहिला तो नुसता काळा, कोरडा पाषाण. आता संग्रामपूरहून तिच्या भावाचा निरोप आला होता, सगळं सोडून इकडे या म्हणून. एरवी तो भाकर बांधून आणायचा; आज ती मुद्दाम आली होती, शेवटचं विचारायला.

"कोनासाठी खंदता हो? पानी लागलं तं पिनार कोन?"

निवृत्तीनं घास गिळला.

"मले बी तसंच वाटे. होळीच्या दुपारी पहार फेकली अन् तळालेच पडून राह्यलो. वर यायचंच नाई, असं मनात होतं. म्हनलं, देवा, माह्यानं होत नाई. तुले पायजे तं तू खंद." त्यानं विहिरीकडे पाहिलं. "मंग हे सुरू झालं."

"भेव नाई वाटलं?"

"वाटलं ना. कितीक रोज उतरलोच नाई. तरी चालूच. मंग उतरलो."

ती जवळ सरकली. "अनंता हाये का?"

"नाई," तो हळूच म्हणाला. "त्याचा हात मी वळखतो. हा त्याचा नाई."

रुखमाबाईनं तोंडाला पदर लावला. मग तिनं विचारलं, "पानी लागन?"

"ते त्याले ठाऊक. मी माह्या वाटचं करतो. मले आता झोप लागते, रुखमा."

आणि बोलता बोलता तो तिथंच कलंडला. पोर गेल्यापासून आढ्याकडे बघत पडून राहणारा माणूस, लेकरासारखा गाढ झोपी गेला.

ती उठून काठाशी गेली. तळात ऊन पडलं होतं. तिथं कुणी नव्हतं. तिची सावली खाली पडली तसा आवाज थांबला, कुणीतरी मान वर करून बघावं तसा.

तिनं पदर खोचला आणि भिंतीला धरून ती उतरू लागली.

तळाशी गारवा होता. तिनं खडकाला तळहात लावला. काहीच नाही. मग पलीकडून घाव बसला आणि दगड तिच्या हाताखाली थरथरला. हात मात्र तिनं काढला नाही.

मग टोपलं जवळ ओढून ती पायाशी पडलेले दगडाचे ढलपे भरू लागली.