टेबलावरच वाजणारी घंटा

“असर्टच्या पोटात काम घालू नकोस हं, प्रणिता. घरापुरती असते ती. बाहेर जाताना तिला कोणी बरोबर नेत नाही,” निशिकांत सर नोकरी सोडून पुण्याला परत निघाले तेव्हा म्हणाले होते. “हो हो सर, माहितेय,” असं म्हणून प्रणिताने त्यांच्या हातात केकची बशी दिली आणि विषय तिथेच संपवला.

मित्रांनो, ती असर्ट म्हणजे मी. एका प्रोग्राममधली एक ओळ. वयाने जुनी, स्वभावाने संशयी.

प्रोग्राम म्हणजे यंत्राला दिलेल्या आज्ञा, एकीखाली एक. त्यातल्या बहुतेक ओळी राबणाऱ्या असतात. हे मोज, ते पाठव, दिवा लाव. मी मात्र काहीच करत नाही, नुसती बघते. इथवर आल्यावर अमुक गोष्ट खरी असलीच पाहिजे, एवढंच माझं म्हणणं. ती खरी असेल तर मी गप्प. खोटी निघाली तर सगळा कारभार जागच्या जागी थांबवते आणि घोटाळा कोणत्या ओळीत आहे ते ओरडून सांगते. नुकतं चालायला लागलेल्या बाळामागे आई जशी हात पुढे करून फिरते, तसं माझं आहे. बाळ पडलं नाही तर तिचं कौतुक कोणी करत नाही.

पण आम्हाला ठेवतात फक्त घरात. प्रोग्रामच्या दोन आवृत्त्या निघतात. एक ऑफिसातली, चुका शोधण्यासाठी. दुसरी गिऱ्हाइकाची. ही दुसरी काढताना एक खटका दाबतात आणि माझ्यासारख्या सगळ्या ओळी नाहीशा होतात. लोकांच्या घरी यंत्राने मध्येच किंचाळून बंद पडू नये म्हणून. आणि ओळ जाते ती तिच्या कंसात जे काही लिहिलेलं असेल ते घेऊनच जाते. सरांनी बजावलं होतं ते हेच.

माझा जन्म सिंगापूरच्या एका लहानशा कंपनीत झाला, दोन हजार बाराच्या सुमारास. ती कंपनी एक पांढरी पेटी बनवत होती. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांच्या घरी ती भिंतीवर लावायची. दिवसा ठरावीक वेळ घरात हालचाल दिसली नाही, तर पेटीने नातेवाइकांच्या फोनवर घंटा वाजवायची. निशिकांत सरांनी त्यासाठी दोन ओळी लिहिल्या. पहिली म्हणायची, घंटेचं घड्याळ सुरू कर आणि ते जमलं की नाही हे ‘उत्तर’ नावाच्या खणात ठेव. दुसरी मी. त्या उत्तरात ‘जमलं’ असलंच पाहिजे, असं मी म्हणायची. काम तिचं, पहारा माझा. किती स्वच्छ संसार होता तो!

सर गेले आणि त्या फाइलीची पार रया गेली. सांगताना आजही शिसारी येते. माझ्या डोक्यावर कोणीतरी ‘तात्पुरतं, नंतर काढणे’ असं लिहून ठेवलं आणि ते वर्षानुवर्षं तसंच कुजत पडलं. पायाशी छापणाऱ्या ओळींची रांग. प्रोग्राम कुठवर पोचला ते कळावं म्हणून त्या पडद्यावर अक्षरं उमटवतात. ‘इथे आलो’, ‘इथे पण आलो’, ‘अरे देवा’. एक तर चक्क शिवी छापायची. गिऱ्हाइकाच्या आवृत्तीत आमच्याबरोबर त्याही गळून पडतात, मग साफ कोण करणार? बाहेर टेबलांची तीच तऱ्हा. कोपीच्या, म्हणजे इथल्या कॉफीच्या, कपात बुरशीची साय, नारळाचा जॅम लावलेल्या काया टोस्टचा चिकटा कीबोर्डच्या फटीत आणि त्या चिकट्यावर मुंग्या.

त्यात टीमचा प्रमुख होता धवल. मुंबईचा, इस्त्रीच्या शर्टातला. त्याने भिंतीवर एक पडदा लावला आणि त्यावर वॉर्निंगांचा आकडा दाखवायला लागला. वॉर्निंग म्हणजे प्रोग्राम तयार होताना संगणकाने दिलेली ताकीद, की बाई गं, इथे काहीतरी खटकतंय. ताकीद वाचायची असते. धवलला ती फक्त शून्यावर आणायची होती.

“प्रणिता, तुझ्या फाइलीत एक राहिलीय अजून. तेवढी घालव ना.”

“बघते.”

“बघते नको. उद्या पाहुणे येतायत.”

ताकीद खरी होती. गिऱ्हाइकाच्या आवृत्तीत मी नसते, मग ‘उत्तर’ हा खण कोणी उघडतच नाही. संगणक तेच विचारत होता, हा खण कशाला ठेवलाय? प्रणिता पडद्याकडे बघत होती, पण जीव सगळा फोनमध्ये. तिच्या मुलीच्या, जाईच्या पाळणाघरातून फोन आला होता. “मम्मी, जाई गॉट फीवर अगेन. यू कम नाऊ, कॅन?” तिचा नवरा अमेय युनिव्हर्सिटीच्या प्रयोगशाळेत अडकलेला. क्लेमेंटीच्या त्या पाळणाघरात तिलाच पळायचं होतं. तिने खण पुसून टाकला. पहिली ओळ उचलली आणि माझ्या कंसात कोंबली. घड्याळ सुरू कर, हे काम आता माझ्या पोटात आलं. ताकीद गेली. पडद्यावर शून्य झळकलं.

मी पहारेकरीण. माझ्या ओंजळीत कोणीतरी चूल देऊन निघून गेलं. मला किळस आली, पण मला तोंड कुठे आहे? खोटं आढळलं तरच मला बोलता येतं, आणि ऑफिसात तर सगळं खरंच होतं. मी हजर होते, म्हणून घड्याळ सुरू होत होतं. दुसऱ्या दिवशी पाहुण्यांसमोर टेबलावरची पेटी मिनिटभराच्या वेळेवर लावून ठेवली. सगळे पुतळ्यासारखे बसले आणि घंटा वाजली. टाळ्या पडल्या. गिऱ्हाइकाच्या पेट्या कोणी अशा तपासल्याच नाहीत. दिवा लागतो का तेवढं पाहिलं. “तोच तर प्रोग्राम आहे, फक्त बडबड काढलेली,” धवल म्हणाला आणि वडे खायला गेला.

त्यातली एक पेटी शहराच्या यिशुन भागात मधुमती मावशींकडे गेली.

मावशी प्रणिताच्या नात्यातल्या नव्हत्या. गणपतीत ओळख झाली आणि जाईच्या त्या आज्जी झाल्या. नवरा गेल्यापासून त्या फ्लॅटमध्ये एकट्याच. मुलगी स्मिता पर्थला. ती म्हणायची, आई, माझ्याकडे ये. मावशी म्हणायच्या, माझं घर आहे, माझा बाजार आहे, खाली माझी बाकं आहेत, मी कशाला येऊ? शेवटी दोघींमध्ये ठरलं, पेटी बसवली तर राहा. प्रणिताने ती स्वतः जाऊन बसवली आणि घंटेसाठी स्मिताच्या नंबराबरोबर आपलाही नंबर घातला.

तोवर एक रीत होती. सकाळी टेबलाशी आल्या आल्या प्रणिता स्पीकरवर फोन लावायची.

“उठलात का मावशी?”

“नाही गं, झोपेतच बोलतेय!”

पेटी बसल्यावरही काही दिवस फोन चालू राहिले. “तुझी ती पेटी डोळे वटारून बघते माझ्याकडे. गाउन बदलताना टॉवेल टाकते मी तिच्यावर,” मावशी सांगायच्या आणि प्रणिता हसून लोटपोट व्हायची. मग जाईचा दमा निघाला, कामं वाढली, फोन एक दिवसाआड झाले, मग आठवड्याने. पेटी आहे ना. मग बंदच.

एका दुपारी प्रणिताला आपणहून आठवण झाली. तिने फोन लावला. रिंग वाजत राहिली. “बाथरूममध्ये असतील,” ती शेजारच्या ओजसला म्हणाली. फोनवर पेटीची काही घंटा नव्हती, म्हणून तिने डबा उघडला.

मावशी बाथरूममध्येच होत्या. फरशीवर. सकाळी पाय घसरून पडल्या होत्या आणि खुब्याचं हाड मोडलं होतं. हे मी पाहिलेलं नाही, मित्रांनो. मी त्या पेटीत नव्हते. माझ्याबरोबर घड्याळही नव्हतं. भिंतीवर नुसता दिवा होता. तो दिवस गेला, रात्र गेली. दुसऱ्या दिवशी पावसाची सर आली. स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेर बांबूच्या काठीवर मावशींचे कपडे आदल्या दिवसापासून तसेच होते. समोरच्या लिम आंटींनी हाक मारली, “आंटी, रेन लाह, रेन!” कपडे आत गेले नाहीत. तेव्हा त्यांनी दार बडवलं आणि माणसं बोलावली.

मावशी वाचल्या.

ऑफिसात शोध सुरू झाला. टेबलावरची पेटी पुन्हा पुन्हा तपासली. प्रत्येक वेळी घंटा वाजली. “माझ्या टेबलावर तर चालतेय!” धवल म्हणाला, जणू मावशींनीच पडण्यात काही चूक केली होती. मग प्रणिताने गिऱ्हाइकाची आवृत्ती पेटीत भरली आणि समोर हात न हलवता बसून राहिली. घंटा नाही. तिने माझ्याआधी एक ‘इथे आलो’ घातलं, माझ्यानंतर एक. काहीच छापलं गेलं नाही, कारण बाहेर त्या ओळीही जात नाहीत. रिकाम्या पडद्याकडे ती बघत राहिली. मग तिची नजर वर सरकत सरकत माझ्यावर आली. तिने माझा कंस वाचला. पुन्हा वाचला. मग डोळे पुसत ती बेसिनकडे गेली.

परत आली तेव्हा धवल तिच्या खुर्चीशी उभा होता.

“एक ओळ आहे गं, एवढी काय रडतेस? दुरुस्त कर, नवीन आवृत्ती पाठव. बाहेर बोलायचं काय त्यात? पेटी चुकीच्या भिंतीवर लावली होती म्हणू.”

“पेटी मी लावली होती, धवल.”

“मग तर सोपंच झालं. तूच म्हण तसं.”

कुजक्या फाइली पाहिल्यात मी, बुरशीचे कप पाहिलेत. पण त्या शांत, सुगंधी आवाजाइतकं ओंगळ काही माझ्यासमोर कधी आलं नाही.  प्रणिताने फोन उचलून त्याच्यासमोरच स्मिताला स्पीकरवर लावला. स्मिता पर्थहून आली होती, हॉस्पिटलात होती. प्रणिताने सगळं सांगितलं. ताकीद, घाई, कंस, सगळं. 

“प्रणिता,” स्मिता म्हणाली, “आई त्या पेटीला हाका मारत होती. तिला वाटलं, आतून कोणीतरी ऐकतंय.”

प्रणिताने कपाळ टेबलाला टेकवलं.

“मी तिला घेऊन जातेय. ती हो म्हणाली.” स्मिताचा आवाज चिरकला. “एकदाही भांडली नाही गं माझ्याशी. भांडायला हवं होतं तिने.”

त्या दिवशी प्रणिताने काम माझ्या पोटातून काढून त्याच्या स्वतःच्या ओळीवर ठेवलं. मला पुन्हा नुसतं बघायला दिलं. बाकीच्या फाइलींत माझ्या बहिणी शोधून त्यांच्या कंसांतली कामंही तिने बाहेर काढली. मग ज्यांच्या घरी पेट्या होत्या त्यांना एकेक करून फोन लावायला बसली. “अगं, नवीन आवृत्ती जाईल ना आपोआप,” धवल म्हणाला. “जाईल तेव्हा जाईल,” ती म्हणाली आणि पुढचा नंबर लावला. कोणी कावलं, कोणी गप्पा मारत बसलं. वुडलँड्सचे दीनानाथ आजोबा उचलेनात. तिने पर्स उचलली आणि ती मेट्रोने निघाली. दाराशी किती वेळ उभी होती ते तिने दुसऱ्या दिवशी ओजसला सांगितलं. आत टीव्ही मोठ्याने चालला होता आणि काठी शोधत आजोबा सावकाश येत होते. दार उघडून म्हणाले, “कोण तू? बरं, आलीच आहेस तर चहा टाक.”

मित्रांनो, आत्मवृत्ताच्या शेवटी माझ्यासारख्या जुन्या वस्तू ‘आम्हाला जपा’ म्हणतात. मी तसं म्हणणार नाही. मला कितीही जपलंत तरी तुमच्या घरी मी येत नाही. तुमच्या ओळखीचं एखादं माणूस एकटं राहत असेल. त्याच्या घरी पेटी असेल, कॅमेरा असेल, मुलाने घेऊन दिलेला भारी फोन असेल. असू दे. आज तुम्ही जा. बेल वाजवा. लगेच दार उघडलं नाही तर परत फिरू नका. त्यांना यायला वेळ लागतो.