तोगामी गडावर न सांगितलेलं

माझ्या हयातीत तोगामी गडाने चारदा धनी बदलला. कधी तोबारा घराणं, कधी हिसादा. आम्ही त्याच डोंगरात कोळसा पाडणारे. गडावर कोणीही असो, कोळसा आम्हीच पोचवायचा.

दुसऱ्या वेढ्यात तोबारांनी माझ्या थोरल्या भावाच्या, शिनरोकुच्या हातात भाला देऊन त्याला तटावर उभं केलं. हिसादांचा बाण त्याच्या गळ्यात बसला. प्रेत मीच पाठीवर घालून खाली आणलं. तेव्हापासून हिसादा हे नाव ऐकलं तरी माझं डोकं फिरायचं.

शेवटच्या वेढ्यात गडावर तोबारांची साठेक माणसं उरली होती. त्यांत माझे दाजी मागोबेई, वरच्या दरवाज्याचे पहारेकरी. ताई आणि तिच्या दोन पोरीही वरच अडकल्या. दीड महिना झाला, तेव्हा हिसादांच्या सरदाराने मला छावणीत बोलावलं.

"वरची वाट तुला ठाऊक आहे. किल्लेदाराला सांग, त्याने एकट्याने पोट चिरून घ्यावं. बाकी सगळे सुखरूप जातील."

निघताना छावणीच्या टोकाला आठ-दहा जण शेकत बसलेले दिसले. शेजारच्या कुरेसाका गडाचे, आठवड्यापूर्वी शरण आलेले. जखमा बांधलेल्या, हातात पेजेचे वाडगे. त्यांतला एक ओळखीचा निघाला.

"अरे जिन्नाई, मागोबेईला सांग, मी जिवंत आहे," तो म्हणाला. "शब्द पाळला ह्यांनी. पेज तेवढी पातळ आहे."

मी मान हलवली आणि चढ चढायला लागलो.

वर अळूच्या देठांचे दोर वळून ठेवलेले होते, तेच तोडून शिजवत होते. दाजींचे गाल बसले होते, पण जीभ तशीच. "या मेहुणे," ते म्हणाले, "जेवायलाच थांबा. आज दोर आहे, उद्या गोणपाट."

किल्लेदार म्हातारा होता. त्याने निरोप शांतपणे ऐकला.

"माझं काही नाही. सत्तरी आली," तो म्हणाला. "पण मी मेल्यावर त्यांनी ह्या पोरांना कापलं तर? तू त्यांच्या छावणीतून आलास. कुरेसाकाच्या माणसांचं काय झालं, दिसलं काही?"

सगळे माझ्याकडे बघत होते. दाजीही. माझ्या डोळ्यांपुढे शिनरोकुचा गळा आला. हिसादांना गड असा फुकट मिळू नये, त्यांचीही माणसं पडावीत, एवढंच त्या घडीला मनात होतं.

"मला कोणी दिसलं नाही," मी म्हणालो.

किल्लेदाराने मान खाली घातली. "म्हणजे मारले," तो म्हणाला.

तिसऱ्या दिवशी सकाळी हिसादा वर चढले. त्याआधी ताईला आणि पोरींना मी आमच्या कोळशाच्या वाटेने खाली आणलं. दाजींनाही चला म्हटलं. ते म्हणाले, "दरवाजा कुणावर टाकून येऊ?" दुपारपर्यंत गड जळाला. वरचं एकही माणूस वाचलं नाही. हिसादांचेही शंभरेक गेले. मला हवं होतं तसंच झालं होतं, आणि मी ओढ्याकाठी बसून हातांची काजळी घासत होतो.

चार वर्षांनी राजधानीतून हुकूम आला, डोंगरावरचे गड मोडा. हिसादांनी स्वतःच तट पाडला. चिरे वाहायला गावकरी धरले, त्यांत मीही. ज्यासाठी एवढी माणसं मेली ते महिन्याभरात दरीत गेलं. कुणी हळहळलंही नाही.

त्या हिवाळ्यात मी ताईला सगळं सांगितलं. ती मुळे चिरत होती. हात थांबला.

"कुरेसाकाचा तो माणूस मागच्या वर्षी आला होता," ती म्हणाली. "ह्यांच्या नावाने धूप लावून गेला. म्हणाला, जिन्नाईबरोबर निरोप धाडला होता."

"मग तू मला विचारलं का नाहीस?"

"तू सांगशील म्हणून वाट बघत होते."

मग तिने मला वाढलं, पोरींना वाढलं. ती मला आजही जेवू घालते. पण शिनरोकुच्या आणि दाजींच्या श्राद्धाला धूप लावायची वेळ आली, की ती पोरींना पुढे करते आणि मला म्हणते, "तू जरा बाहेर लाकडं बघ."

मी उठून लाकडं बघायला जातो.