शेवटच्याचं नाव लिहिणारा फळा

मित्रांनो, जरा पुढे सरकून बसा. माझ्यावरची अक्षरं आता पुसट झाली आहेत, मागच्या बाकावरून ती दिसायची नाहीत. मी एक जुना फळा आहे. मूर्तिजापुरात एका बंद सायकल दुकानाच्या भिंतीला टेकून उभा आहे. माझ्यावर दोनच ओळी आहेत. त्या कुणी लिहिल्या आणि अजून का पुसल्या नाहीत, एवढंच मला सांगायचं आहे. पण सांगीन सुरुवातीपासून. शाळेत आयुष्य गेलं, धडा मधूनच उघडायची मला सवय नाही.

मी मेळघाटच्या सागाचा. परतवाड्याच्या एका सुताराने मला रंधा मारला, चौकट ठोकली आणि मला एका खेड्यातल्या शाळेत पाठवलं. तिथे तीसेक वर्षं मी चौथीचा वर्ग सांभाळला. दर उन्हाळ्यात मुलं कोळसा आणि जुन्या सेलातली काळी पूड कालवून मला चोपडायची, आणि जूनमध्ये मी नवरदेवासारखा उभा राहायचो. बाई म्हणायच्या, "फळ्यावर एक चूक झाली, की चाळीस वह्यांत चाळीस चुका होतात." त्यामुळे चुकीचं अक्षर दिसलं, की त्या आधी पुसायच्या आणि मग पोरांना रागवायच्या. ते वाक्य माझ्या लाकडात मुरलेलं आहे.

मग शाळेत पांढरे गुळगुळीत फळे आले. मला मागच्या व्हरांड्यात टाकलं. तिथे वर्षभर माझ्यावर कोंबड्या बसल्या. त्याबद्दल मी जास्त बोलत नाही. शेवटी मी भंगारात गेलो, आणि तिथे जुन्या रिंगा शोधायला आलेल्या देवीदासने मला बोटाने वाजवून पाहिलं.

"सागवान हाय," तो भंगारवाल्याला म्हणाला. "याले काहून फेकलं? हे लवकर मरत नाई."

एवढी स्तुती मी तीस वर्षांत ऐकली नव्हती.

देवीदास सायकल मिस्त्री. घराच्या ओसरीतच त्याचं दुकान. चाकाचा आऊट, म्हणजे वाकडेपणा, काढताना तो एकेक तार बोटाने छेडायचा आणि नुसत्या आवाजावरून कुठली ढिली आहे ते सांगायचा. त्याने मला दुकानाच्या दाराशी टांगलं. गावाला वाटलं, आता पंक्चरचे भाव लिहिणार. पण त्याने माझ्यावर एका शर्यतीचा निकाल लिहायला घेतला. दर जुलैत फ्रान्समध्ये तीन आठवडे चालणारी सायकलची शर्यत असते ना, तीच. रोज एक टप्पा, कधी सपाट रस्त्याचा, कधी डोंगराचा. संध्याकाळी तो मोबाइलवर बघायचा आणि सकाळी दुकान उघडलं की खडू घ्यायचा. गंमत अशी, की पहिला कोण आला हे तो कधीच लिहायचा नाही. तो लिहायचा शेवटच्याचं. टप्प्याचा आकडा, शेवटच्या सायकलस्वाराचा क्रमांक, आणि पुढे एक शब्द: पोहोचला.

त्याचा मित्र खुशालराव रोज दुधाचे कॅन लावलेली सायकल घेऊन यायचा. त्याने एकदा विचारलंच, "लेका, पहिल्याचं लिवाचं सोडून हे काय उलटं?"

"पहिल्याचं तं पेपरात येते," देवीदास म्हणाला. "शेवटच्याचं कोन लिवते?"

मग त्याने सांगितलं. तो विशीत असताना परतवाड्याहून चिखलदऱ्याला घाट चढून जायची सायकल शर्यत झाली होती. त्याची सायकल भाड्याची, ब्रेक एकच. तो वर पोहोचला तेव्हा बक्षिसं वाटून झाली होती आणि मंडपवाला सतरंजी गुंडाळत होता. निकालाच्या कागदावर बत्तीस नावं होती. तेहतिसावं त्याचं असायला हवं होतं. तर म्हणे, कागद संपला. "मी घाट चढलो होतो ना बे," देवीदास म्हणाला, "उतरलो तं नव्हतो सायकलीवरून." हे सांगताना तो हसत होता, पण हातातला पाना त्याने उगाचच दोनदा पुसला.

पुढे साखरेने त्याचे डोळे नेले आणि मग किडन्याही गेल्या. मंगळवारी आणि शुक्रवारी अकोल्याला जायचं, चार तास डायलिसिसच्या मशीनला हात जोडून पडायचं आणि संध्याकाळच्या गाडीने परत यायचं. बारीक अक्षर त्याला दिसेना. मोबाइल तर नुसता उजेड. तेव्हापासून शर्यत बघायचं आणि माझ्यावर लिहायचं काम त्याच्या मुलीने, दामिनीने घेतलं. चार बोटं उंचीची अक्षरं ती काढायची. तेवढी त्याला दिसायची. दवाखान्याचे रिपोर्टही तीच वाचून दाखवायची.

गेल्या वर्षी जूनच्या शेवटी तो अकोल्याहून आला तो भिंत धरत. स्टुलावर बसला आणि बायकोला, माणिकबाईला म्हणाला, "बस झालं. आता नाई जात मी."

माणिकबाईंनी पदर तोंडाला लावला. दामिनीने मात्र माझ्याकडे बोट केलं. "बाबा, चार दिवसांत शर्यत सुरू होते. तेवढी तं होऊ द्या."

त्याने डोळे बारीक करून माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "बरं. तो शेवटचा जोपर्यंत चालन, तोपर्यंत मी बी जातो. तो थांबला की मी बी थांबतो."

मित्रांनो, असा सौदा कुणी करतं का? पण त्याने केला आणि त्या घराने तो धरला.

त्या वर्षी पहिल्या टप्प्यापासूनच शेवटी राहिला क्रमांक १६७. कुठल्याशा लहान देशाचा पोरगा, दुसऱ्याच दिवशी पडून कोपर फोडून घेतलेला. रोज सकाळी दामिनी लिहायची: क्रमांक १६७, पोहोचला. देवीदास नाक माझ्याजवळ आणून वाचायचा, मान हलवायचा आणि गाडीचा दिवस असला की पिशवी घेऊन स्टेशनला निघायचा. सोमवारी शर्यतीला सुट्टी होती तेव्हा म्हणाला, "आज त्याले बी आराम, मले बी." त्या दिवसांत माणिकबाई देवपूजेच्या आधी १६७चं विचारायच्या.

चौदावा टप्पा डोंगराचा होता. दुसऱ्या दिवशी सकाळी दामिनी माझ्यासमोर आली आणि खडू हातात धरून नुसतीच उभी राहिली. डोळे सुजलेले होते. तिने टप्प्याचा आकडा लिहिला. क्रमांक लिहिला. आत देवीदासच्या खोकण्याचा आवाज आला. मग तिने घाईघाईने लिहिलं: पोहोचला.

अक्षर रोजचंच होतं, पण त्यातली शेवटची काठी थरथरली होती. मला कळलं. चौथीतली पोरं चुकीचं उत्तर लिहिताना अशीच थरथरतात. बाई असत्या तर त्यांनी ते तिथेच पुसलं असतं. मला हात नाहीत. मी उभा राहिलो आणि ते खोटं, रोज टप्प्याचा नवा आकडा घालून, आठवडाभर अंगावर वागवलं. दामिनीचा मला राग आला का? नाही आला. बाप जगावा म्हणून मुलीने खडू उचलला, तिला रागवणार कोण? पण लाज मात्र वाटत होती.

देवीदास त्या आठवड्यात दोनदा अकोल्याला जाऊन आला.

शर्यत संपली. सोमवारी सकाळी माझ्यावर होतं: शेवटचा टप्पा. क्रमांक १६७. पोहोचला. देवीदासने ते तीनदा वाचलं आणि आलुबोंडे मागवले. स्वतःला चालत नव्हते, पण येईल त्याच्या हातावर ठेवत होता. तेवढ्यात आठवडाभर परगावी गेलेला खुशालराव परतून आला. इतकी वर्षं ऐकून ऐकून त्यालाही शर्यतीची गोडी लागली होती, सुनेच्या मोबाइलवर बघायचा. त्याने बोंडा हातात घेतला, मला वाचलं आणि सरळ मनाने बोलून गेला, "देवीदास, अबे हा तं चौदाव्या टप्प्यातच शर्यत सोडून गाडीत बसला. घाटातच उतरला सायकलीवरून. मी पाह्यलं ना!"

खुशालरावला आपलं काय चुकलं ते कळेना. तो बोंडा तसाच धरून उभा राहिला.

देवीदासने दामिनीकडे तोंड वळवलं. "काहून?"

"तुमी जाणं बंद केलं असतं, बाबा."

तो रागावेल असं मला वाटलं होतं. तो रागावला नाही. हळू आवाजात म्हणाला, "मंग मले जो रिपोर्ट वाचून दाखवतं, थोडा फरक हाय म्हणतं, तो बी असाच लिवतं का तू?"

दामिनी रडायला लागली. त्याला उत्तर मिळालं.

त्याने तिला रिपोर्ट आणायला लावला आणि होता तसा वाचायला लावला. फरक नव्हता. हृदयावर ताण आला होता आणि डॉक्टर आता वर्षांची नाही, महिन्यांची भाषा बोलत होते. माणिकबाईंनाही ते तेव्हाच कळलं. चाळीस वह्यांची गोष्ट मला आठवली. इथे वह्या दोनच होत्या, पण चूक केवढी खोल उमटली होती!

"आता हे पूस," देवीदास म्हणाला, "अन् खरं लिव. किती राह्यले होते त्याचे?"

"नऊ किलोमीटर."

"थे बी लिव. इतका चढला होता, थे कळू दे लोकाले."

तिने लिहिलं. माझ्यावरची वरची ओळ ती हीच: टप्पा १४. क्रमांक १६७. घाटात थांबला. नऊ किलोमीटर राहिले होते.

दुसऱ्या दिवशी मंगळवार होता. आता हा जाणार नाही, असं सगळ्यांनी धरलं होतं. सौद्याप्रमाणे तो मोकळाच होता. पण सकाळी त्याने पिशवी मागितली. "आता मले माहीत हाय घाट केवढा हाय थे," तो म्हणाला. "माहीत असून चढतो. थांबाचं तवा मी सांगीन." दामिनी सोबत निघाली, तेव्हा तिच्याकडे त्याने पाहिलं नाही. गाडी यायच्या आत बोलला असेल, मला ठाऊक नाही. मी भिंतीवर होतो.

तो आणखी दहा आठवडे अकोल्याला जात राहिला. मग एका शुक्रवारी, दसऱ्याच्या आधी, तो माझ्यासमोर स्टूल ओढून बसला आणि म्हणाला, "दामिनी, खडू घे. लिव, देवीदास. थांबला."

तिने लिहिलं नाही. दिवसभर ती आतून बाहेर आलीच नाही. दुसऱ्या दिवशी आली आणि लिहिलं, चार बोटं उंच, एकही काठी न थरथरता. त्याने नाक जवळ आणून वाचलं आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला. आठ दिवसांनी तो गेला.

दिवाळीच्या साफसफाईला खुशालराव मदतीला आला. मला पाहून त्याला भरून आलं. "वहिनी, हे असं अभद्र घरात कायले?" म्हणत त्याने ओलं फडकं घेतलं. माणिकबाईंनी त्याचा हात धरला. "राहू द्या भाऊ. त्यायनं सोता लिवाले लावलं हाय."

तेव्हापासून मला कुणी पुसलं नाही. धूळ बसते, पाल फिरते, पावसाळी ओल येते आणि रोज थोडा खडू गळतो. दामिनी अमरावतीला नोकरीला असते. हा जुलै आला आणि गेला. शर्यत झालीच असेल, कुणीतरी शेवटी आलंच असेल. माझ्यावर त्याचं नाव लागलं नाही.

मित्रांनो, मला रंग द्या, उन्हात ठेवा, असं मी म्हणणार नाही. शेवटी येणाऱ्याचं नाव लिहायला कागद पुरवा, एवढं मात्र म्हणेन. आणि जो थांबला त्याला पोहोचला म्हणू नका, मग तुमची माया कितीही असो. त्याचा घाट त्याला दिसू द्या.

कधी इकडे आलात तर माझी खालची ओळ वाचा. देवीदास. थांबला. त्यापुढे दामिनीने किलोमीटर लिहायला जागा सोडली आहे. किती राहिले होते, हे तिला कुणी सांगू शकलं नाही. ती जागा रिकामी आहे, तिच्यावर हात फिरवू नका.